रेणूंच्या धावपळीचे गणित मुंबईत मांडणारा शिक्षक: जॉन जेम्स वॉटर्स्टन

पदार्थ अतिशय बारीक कणांचा बनलेला असतो, हे कण सतत हलत असतात आणि पदार्थ तापवला की त्यांची हालचाल वाढते. अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही शाळेतला मुलगा हे उत्तर दोन गुणांसाठी सहज लिहून टाकतो. आज ते इतके सोपे वाटते, की ते कधीकाळी कुणाला पटतच नव्हते, याची कल्पनाही येत नाही.

पण तसे होते. डिसेंबर १८४५ मध्ये याच विषयावरचा एक मोठा निबंध मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचला. त्यात हवेतल्या रेणूंच्या वेगाचा आणि तापमानाचा संबंध गणिताने मांडला होता. निबंध तपासणाऱ्यांना तो छापण्याच्या लायकीचा वाटला नाही. तो कपाटात गेला आणि ४६ वर्षे तिथेच राहिला. बाहेर आला तेव्हा लिहिणारा हयात नव्हता. त्याचे नाव जॉन जेम्स वॉटर्स्टन.

लाखेच्या व्यापाऱ्याचा मुलगा

वॉटर्स्टन यांचा जन्म १८११ मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिनबरो शहरात झाला. वडिलांचा धंदा लिखाणाच्या साहित्याचा आणि पत्रांवर मोहोर उठवण्यासाठी लागणाऱ्या लाखेचा. भावंडे बरीच होती. शालेय शिक्षण झाल्यावर वॉटर्स्टन एका स्थापत्य अभियंत्यांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले आणि त्याच वेळी एडिनबरो विद्यापीठातली व्याख्याने ऐकू लागले. तिथे भौतिकशास्त्र शिकवायला सर जॉन लेस्ली होते. उष्णता हाच लेस्ली यांच्या संशोधनाचा विषय होता.

विशीच्या उंबरठ्यावर असतानाच वॉटर्स्टन यांनी गुरुत्वाकर्षणाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. दोन वस्तू एकमेकींना लांबून कशा ओढतात, याचे उत्तर त्यांनी अवकाशात फिरणाऱ्या आणि एकमेकांवर आदळणाऱ्या कणांत शोधले होते. ती कल्पना पुढे टिकली नाही. मात्र उघड्या डोळ्यांना स्थिर दिसणाऱ्या गोष्टीमागे कणांची धावपळ असू शकते, हा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता.

पुढे ते लंडनला गेले. तो रेल्वेचा जमाना होता. मोजणी आणि नकाशे करणाऱ्या माणसाला कामाची वाण नव्हती. पण त्या कामात दिवस संपायचा आणि अभ्यासाला वेळ उरत नसे. म्हणून त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या जलमापन खात्यात नोकरी धरली. या खात्याचे प्रमुख होते फ्रान्सिस ब्यूफर्ट. वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी आजही त्यांच्याच नावाची मोजपट्टी वापरतात. या तरुणाला पगारापेक्षा मोकळा वेळ हवा आहे, हे ब्यूफर्ट यांनी ओळखले आणि त्यांना एक जागा सुचवली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलात भरती होणाऱ्या मुलांना शिकवायचे होते. जागा मुंबईत होती.

मुंबईतली १८ वर्षे

वॉटर्स्टन १८३९ मध्ये मुंबईत आले आणि १८५७ पर्यंत इथेच राहिले. शहर तेव्हा बेटापुरते होते. आजचे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सगळा भाग म्हणजे साष्टीतली शेते, मिठागरे आणि गावे.

याच काळात मुंबईकरांना पाण्याच्या दोन नव्या रूपांची ओळख होत होती. पहिले रूप बर्फाचे. १८३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने मुंबईत येऊ लागला होता. कित्येक महिन्यांच्या उष्ण समुद्रप्रवासानंतरही त्याचा बराचसा भाग शिल्लक राहायचा. दुसरे रूप वाफेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. आजच्या मध्य रेल्वेवरची घाटकोपर, मुलुंड ही स्थानके ज्या वाटेवर आहेत, त्याच वाटेने ती धावली. एकाच पाण्याचा घट्ट बर्फ जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने टिकतो आणि त्याच पाण्याची वाफ आगगाडी ओढते. मग पाण्यात नेमके बदलते काय?

या प्रश्नाला त्या काळी मिळणारे उत्तर आजच्यापेक्षा फार वेगळे होते.

तेव्हाची समजूत

उष्णता हा एक वजन नसलेला, डोळ्यांना न दिसणारा द्रव आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. त्याला कॅलॉरिक म्हणत. वस्तूत कॅलॉरिक शिरला की ती तापते, निघून गेला की निवते. वायूचे कण आपापल्या जागी स्थिर असतात, त्यांच्याभोवती कॅलॉरिक असतो आणि त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, अशी समजूत होती. फुगा फुगलेला का राहतो, याचे स्पष्टीकरण या ढकलण्यात शोधले जाई.

याला विरोध करणारे आधीही झाले होते. डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच हवेचा दाब म्हणजे कणांचा मारा असल्याचे मांडले होते. १८२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हेरापाथ यांनी तोच धागा पकडला. पण त्यांनी तापमानाचा संबंध कणाच्या संवेगाशी, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग या राशीशी जोडला. तिथे त्यांचे गणित चुकले. त्यांच्या निबंधालाही रॉयल सोसायटीने जागा दिली नव्हती.

निबंधात काय होते?

वॉटर्स्टन यांनी मुंबईत असतानाच १८४३ मध्ये मनाच्या व्यापारांविषयीचे एक पुस्तक एडिनबरोला छापून घेतले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. वायूच्या कणांच्या हालचालीची कल्पना त्यात आली होती. पण मनाविषयीच्या पुस्तकात भौतिकशास्त्र कोण शोधणार? कुणाचे लक्ष गेले नाही. दोन वर्षांनी त्यांनी तोच विषय पूर्ण गणितासह, स्वतंत्र निबंधात मांडला.

त्यांची मूळ कल्पना साधी होती. वायू म्हणजे मोकळ्या जागेत सर्व दिशांना धावणारे असंख्य रेणू. उन्हाच्या तिरिपेत चिलटांचा थवा घोंघावताना दिसतो, काहीसे तसे. हे रेणू एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतीवर आदळतात, पण आदळून त्यांची एकूण ऊर्जा कमी होत नाही. भिंतीवरच्या या अखंड माऱ्यालाच आपण दाब म्हणतो. सायकलच्या चाकात हवा भरली की ट्यूब घट्ट होते, कारण आत मारा करणारे रेणू वाढलेले असतात.

आता वेग दुप्पट झाला तर? प्रत्येक धडक दुप्पट जोराची होईल. शिवाय रेणू भिंतीपर्यंत लवकर पोहोचणार, म्हणून धडकाही दुप्पट वेळा होतील. एकूण दाब चौपट. म्हणजे दाब वेगाच्या नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बंद भांड्यातल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो हे प्रयोगांतून माहीत होतेच. तेव्हा तापमान हेही रेणूंच्या वेगाच्या वर्गाचे माप ठरते. हेरापाथ जिथे अडखळले होते, तिथून वॉटर्स्टन पुढे गेले.

त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. एकाच भांड्यात हलके आणि जड असे दोन वायू मिसळले तर काय होईल? टक्करींमधून दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी होते. म्हणजे जड रेणू हळू, हलके रेणू वेगाने. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या १६ पट जड आहे, म्हणून एकाच तापमानाला हायड्रोजनचे रेणू सरासरीने चौपट वेगाने धावतात. हलके वायू बारीक छिद्रांतून लवकर का निसटतात, हेही यातून उलगडते. समान दाब व तापमान असताना समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते, हा अ‍ॅव्होगाड्रो यांचा नियमही आपोआप हाती येतो. गतिज ऊर्जेच्या या समान वाटणीला आज ऊर्जेच्या समविभाजनाचे तत्त्व म्हणतात. ते सर्वांत आधी मांडणाऱ्यांत वॉटर्स्टन यांचे नाव घेतले जाते. निबंधात आकडेमोडीची चूक मुळीच नव्हती असे नाही, पण पाया पक्का होता.

आपल्या भोवतालच्या हवेचे उदाहरण घेऊ. ३० अंश सेल्सिअसला नायट्रोजनच्या रेणूंचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर असतो. अंधेरीहून बोरिवलीचे सुमारे १२ किलोमीटर अंतर या वेगाने २४ सेकंदांत कापता येईल. मग देवघरातल्या उदबत्तीचा वास स्वयंपाकघरात यायला इतका वेळ का लागतो? कारण रेणूला सरळ वाट मिळतच नाही. एका सेकंदात त्याच्या अब्जावधी टक्करी होतात आणि दर टक्करीला दिशा बदलते. धावपळ प्रचंड, पण प्रत्यक्ष पुढे सरकणे थोडे.

स्थायू, द्रव, वायू: फरक कशात?

वॉटर्स्टन यांचा निबंध मुख्यतः वायूंविषयी होता. पण हेच चित्र पुढे नेले की पदार्थाच्या तिन्ही अवस्था समजतात. रेणूंमध्ये दोन गोष्टींची ओढाताण चालू असते. एक म्हणजे रेणूंची धावपळ आणि दुसरी म्हणजे शेजारच्या रेणूंचे आकर्षण. कोण वरचढ, यावर अवस्था ठरते.

सकाळी साडेआठला बोरिवलीहून सुटणारी चर्चगेट लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात माणूस जागच्या जागी हलू शकतो, पण जागा सोडू शकत नाही. स्थायूतले कण असेच असतात. ते थरथरतात, पण शेजाऱ्यांच्या पकडीतून सुटत नाहीत. म्हणून बर्फाला आकार असतो. गाडी दादरला रिकामी झाली की पुलावरची गर्दी पाहा. माणसे एकमेकांना खेटूनच असतात, पण पुढेमागे सरकत वाट काढतात. हा द्रव. तो वाहतो, भांड्याचा आकार घेतो, पण त्याचे आकारमान तेच राहते. आणि मोठ्या मैदानात चहूकडे धावणारी मोजकी मुले म्हणजे वायू. उपमा इथवरच ताणावी. बर्फातले रेणू गर्दीसारखे अस्ताव्यस्त नसतात, ते ठरावीक रचनेत बसलेले असतात. आणि माणसे दमतात, रेणू दमत नाहीत.

आता बर्फाच्या जहाजाकडे परत येऊ. शून्य अंशाचा १ ग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचेच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. ही उष्णता रेणूंचा वेग वाढवण्यात नव्हे, तर त्यांची जागेवरची पकड सोडवण्यात खर्च होते, म्हणून तापमान वाढत नाही. भुशातून झिरपणाऱ्या थोड्याशा उष्णतेला एवढे मोठे काम करावे लागे, म्हणूनच बर्फ महिनोन्‌महिने टिके. उकळत्या पाण्याची वाफ करायला तर ग्रॅममागे ५४० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला फक्त १०० पुरतात. रेणूंना शेजाऱ्यांपासून पुरते तोडायचे, तर इतका खर्च येतो. सुटल्यावर ते पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापू पाहतात. त्या जोरावर आगगाडी चालली आणि आपल्या कुकरची शिट्टी वाजते.

पाणी उकळायचीही गरज नसते. माठातल्या पाण्यात काही रेणू सरासरीपेक्षा बरेच वेगवान असतात. ते पृष्ठभागावरून सुटून जातात. मागे हळू रेणू उरतात, म्हणजे सरासरी वेग कमी होतो, म्हणजेच पाणी गार होते. मग मे महिन्यात नागपूरचा माठ जितका गार होतो, तितका घाटकोपरचा का होत नाही? मुंबईच्या दमट हवेत आधीच वाफेचे रेणू भरपूर असतात. जितके सुटतात, त्यांतले बरेचसे परत येतात आणि सुटलेली ऊर्जाही परत आणतात.

निबंध परत मिळत नाही

मुंबईहून पाठवलेला निबंध ब्यूफर्ट यांच्यामार्फत रॉयल सोसायटीला सादर झाला. दोघांनी तो तपासला. एक होते खगोलशास्त्राचे अभ्यासक सर जॉन लबक. त्यांना तो निव्वळ अर्थहीन आणि सभेत वाचायलाही अयोग्य वाटला. दुसरे ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल. पुढे स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांचे हे वडील. सगळी मांडणी केवळ एका गृहीतकावर उभी आहे, हा त्यांचा आक्षेप होता.

तरीही ५ मार्च १८४६ रोजी निबंध सभेत वाचला गेला आणि त्याचा थोडक्यात सारांश छापला गेला. पूर्ण निबंध छापला नाही. सोसायटीचा नियम असा, की सभेत वाचलेला लेख सोसायटीच्या मालकीचा होतो, तो परत मिळत नाही. वॉटर्स्टन यांनी स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती. हजारो मैलांवर मुंबईत बसलेल्या, कुठल्याही विद्यापीठात नसलेल्या शिक्षकाच्या हातात आपल्या सर्वांत मोठ्या कामाचा एकही पूर्ण कागद उरला नाही.

त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांचा एक सारांश आला. १८५३ मध्ये सूर्याची उष्णता बाहेरून त्यावर कोसळणाऱ्या द्रव्यातून येत असेल, ही कल्पना त्यांनी मांडली. ती विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी उचलून पुढे नेली. पण वायूंवरच्या कामाची दखल घेतली गेली नाही.

एडिनबरोला परत

साधेपणाने जगण्यापुरती शिल्लक साठल्यावर वॉटर्स्टन यांनी १८५७ मध्ये नोकरी सोडली आणि ते स्कॉटलंडला परतले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते हेच वर्ष. आणि याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांनी उष्णता म्हणजे कणांची गती, या विषयावरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. स्थायू, द्रव आणि वायू यांत कण कसकसे हलतात, याचे वर्णन त्यात होते. त्यानंतर तीन वर्षांच्या आत जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रेणूंच्या वेगांचे वाटप गणिताने मांडले. मॅक्सवेलसुद्धा एडिनबरोचेच. वॉटर्स्टन यांनी १२ वर्षांपूर्वी उघडलेली वाट आता इतरांच्या नावाने हमरस्ता झाली.

वॉटर्स्टन लिहीत राहिले. १८५८ मध्ये त्यांनी द्रवाचा पृष्ठताण आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता यांचा संबंध जोडला. रेणू पृष्ठभागावर आणायचा तर काही शेजारी तोडावे लागतात आणि वाफेत न्यायचा तर सगळेच. या दोन खर्चांची तुलना केली की रेणू किती मोठा असावा, याचा अंदाज बांधता येतो. रेणू कुणी पाहिलेला नसताना, आज माहीत असलेल्या आकाराच्या आसपास पोहोचणारा हा सुरुवातीचा प्रयत्न होता. त्याच वर्षी ध्वनीवरच्या एका लेखात त्यांनी रॉयल सोसायटीत पडून असलेल्या जुन्या निबंधाचा उल्लेख केला.

१८७८ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांचे दोन लेख नाकारले, तेव्हा त्यांनी तिचे सभासदत्व सोडले. विद्वानांच्या संस्थांचा विषय निघाला की ते चिडत, अशी नातलगांची आठवण होती.

१८ जून १८८३ रोजी ते एडिनबरोतल्या घरातून नेहमीसारखे फिरायला बाहेर पडले आणि परत आलेच नाहीत. त्यांचा शोध लागला नाही. ते पाण्यात पडून बुडाले असावेत, असा निष्कर्ष काढला गेला.

कपाटातून बाहेर

१८९१ मध्ये लॉर्ड रॅली यांच्या वाचनात ध्वनीवरचा तो १८५८ चा लेख आला. ध्वनी हा रॅली यांचा हुकमी विषय होता आणि ते तेव्हा रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. जुन्या निबंधाचा उल्लेख पाहून त्यांनी दप्तरातून तो शोधून काढला आणि वाचला. त्याचे मोल त्यांना लगेच कळले. १८९२ च्या खंडात रॅली यांच्या प्रस्तावनेसह निबंध छापला गेला. तो तेव्हाच छापला असता तर हा विषय दहा-पंधरा वर्षे मागे पडला नसता, असे त्यांनी त्यात नोंदवले. पुढे १९२८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी वॉटर्स्टन यांचे सगळे लेख चरित्रासह एकत्र प्रसिद्ध केले.

तपासणाऱ्यांचे चुकले कुठे? ते अडाणी नव्हते. रेणू कुणाला दिसत नव्हता आणि उष्णता हा द्रव आहे या समजुतीवर तोवर पुष्कळ गणिते बसत होती. पण निबंधातले निष्कर्ष माहीत असलेल्या प्रयोगांशी जुळतात की नाही, हे तपासणे शक्य होते. दाब, तापमान, वायूंचे मिसळणे, सगळे आकडे उपलब्ध होते. गृहीतक विचित्र वाटले म्हणून निष्कर्ष तपासायचे राहून गेले, आणि लेखक अनोळखी असल्याने कुणी पुन्हा वळून पाहिले नाही.

मुंबईत या माणसाची आठवण फारशी काढली जात नाही. पण पुढच्या वेळी माठावर बोट टेकवल्यावर गारवा लागला, की लक्षात असू द्यावे: वेगवान रेणू निघून गेले, हळू मागे राहिले. गारव्यामागची ही धावपळ गणितात बसवणारा निबंध याच शहरात लिहिला गेला होता.